सीएफ७ चा सातबारा

सीएफ७ या अमेरिकन डिझेल रेल्वे इंजिनाचा बाजूने घेतलेला फोटो हाती लागला तर आधी केबिनकडे बघू नका, पायऱ्यांच्या पातळीला बघा. चालायच्या फळीखालून, पुढच्या पायऱ्यांपासून मागच्या पायऱ्यांपर्यंत, पोलादाची एक खोल आडवी भिंत गेलेली दिसेल. त्याच ताकदीच्या, चार धुऱ्यांच्या दुसऱ्या अमेरिकन मालगाडीच्या इंजिनांना ती सहसा नसते. मग नजर वर न्या. केबिनचं छत गोलसर आहे, आणि मागचा लांब हूड (यंत्रावरचं अरुंद झाकण, ज्याच्या बाजूने चालता येतं) मात्र काटकोनात बांधलेला. छत एका पिढीचं आणि हूड दुसऱ्या पिढीचा.

या दोन खुणांत सगळं प्रकरण आहे. प्रश्न एका ओळीचा: हे इंजिन कोणत्या सालचं? याद्यांमध्ये त्याची दोन उत्तरं सापडतात, १९४९ ते १९५३ मधलं एखादं साल किंवा १९७० ते १९७८ मधलं एखादं. दोन्ही लिहिणारी माणसं जाणकार आहेत आणि दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच नवीन माणूस गोंधळतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिकेतल्या ॲचिसन, टोपेका अँड सांता फे या रेल्वेकडे एफ७ जातीची डिझेल इंजिनं ढिगाने होती. ईएमडी या जनरल मोटर्सच्या शाखेने १९४९ ते १९५३ या काळात, इलिनॉय राज्यातल्या ला ग्रेंजच्या कारखान्यात ती बांधली. गोल नाकाची, संपूर्ण अंग पत्र्याने झाकलेली, दीड हजार अश्वशक्तीची. लांब पल्ल्याच्या गाड्या ओढायला उत्तम. पण शाखामार्गावर दर दोन-चार स्टेशनांवर वॅगन जोडायच्या-सोडायच्या असल्या की याच इंजिनाचा वैताग व्हायचा. मागचं दिसत नाही, बाजूला उभं राहायला जागा नाही, शंटिंगच्या माणसाने लटकायचं कुठे? १९६० चं दशक सरताना सांता फेकडे अशी इंजिनं जास्त आणि हूडवाली, दोन्हीकडे दिसणारी इंजिनं कमी, अशी अवस्था झाली. जुनी इंजिनं ईएमडीला परत देऊन नवीन घेताना त्यांची किंमत वळती करून घेणं हा रुळलेला रस्ता होता. सांता फेने तो सोडला आणि टेक्सस राज्यातल्या क्लीबर्नच्या आपल्याच कारखान्यात एफ७ उघडून तिची हूडवाली इंजिनं करायला घेतली. फेब्रुवारी १९७० मध्ये पहिलं बाहेर पडलं, मार्च १९७८ मध्ये शेवटचं. एकूण २३३. आठ वर्षांत महिन्याला सरासरी अडीचच्या आत-बाहेर. एका रेल्वेच्या स्वतःच्या कारखान्यासाठी हे काम लहान नाही.

आता क्रमांक. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो, म्हणून जरा रेंगाळतो. सीएफ७ चे क्रमांक २४१७ ते २६४९. इंजिनांचा इतिहास लावायला बसलेला कोणीही माणूस २४१७ पहिलं आणि २६४९ शेवटचं असं धरून चालेल. मीही धरलं, आणि फोटोंची अख्खी फाइल त्या क्रमाने लावली. काही केल्या जमेना. गोल छताची केबिन सुरुवातीच्या इंजिनांना आणि कोनदार छताची, जिला 'टोपेका कॅब' म्हणतात, ती नंतरच्यांना, हे वाचून माहीत होतं. माझ्या फाइलीत मात्र कोनदार छत आधी येत होतं आणि गोल छत नंतर. दोन दिवस मी 'टोपेका कॅब'बद्दलच्या माहितीवरच संशय घेत होतो. वास्तविक सांता फेने आकडे उलटे मोजले होते. पहिलं सीएफ७ म्हणजे २६४९, आणि तिथून खाली खाली उतरत शेवटचं २४१७. असं का, ते शेजारची मालिका पाहिल्यावर सुचतं: २६५० पासून २८९३ पर्यंत सांता फेची जीपी७ ही ईएमडीचीच हूडवाली इंजिनं बसली होती, तीही दीड हजार अश्वशक्तीचीच. वर जागा नव्हती. किती इंजिनं बांधून होतील हे आधी ठाऊक नसताना मोकळ्या बाजूला सरकत जाणं हा साधा हिशेब असावा, असा माझा तर्क.

मूळ एफ७ चे क्रमांक तर याहून भारी. सांता फे चार इंजिनांच्या चौकडीला मिळून एकच आकडा देई आणि पुढे अक्षर जोडी: एल, ए, बी, सी. समजा २६२ ही चौकडी. तर २६२एल आणि २६२सी या केबिन असलेल्या टोकाच्या, मधल्या ए आणि बी या बिनकेबिनच्या. सीएफ७ केबिनवाल्यांचीच झाली. म्हणजे 'मूळ क्रमांक २६२' एवढंच लिहिलेली यादी उपयोगाची नाही. अक्षर नसेल तर चार भावांपैकी नेमका कोणता तेच कळत नाही, सातबारावर गट नंबर आहे आणि पोटहिस्सा नाही असा प्रकार. ही उपमा मी मुद्दाम वापरतो. क्रमांक हा फक्त गट नंबर. इतिहास असतो तो फेरफारात. इंजिन केव्हा निकालात काढलं, कारखान्यात केव्हा गेलं, बाहेर कोणत्या क्रमांकाने आलं, पुढे कोणाला विकलं. या नोंदी साखळीसारख्या एकमेकींत अडकत असतील तरच ओळख पक्की. मधली एक कडी 'अंदाजे' असली तर पुढच्या सगळ्या अंदाजेच.

(आपल्याकडे हे सोपं होतं. पतियाळ्याच्या कारखान्यातून नव्याने बांधून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचा आकडा तोच राहायचा आणि शेपटीला 'आर' लागायचा. ज्याने कोणी ती पद्धत पाडली त्याला माझा दंडवत.)

मग धातूकडे वळू, कारण कागद अडला की माणूस धातूकडेच वळतो. इंजिनाची ओळख कशात असते असं विचारलं तर बहुतेक जण अंडरफ्रेम म्हणतील. बाकी सगळं सुटतं, बदलतं, दुसऱ्या इंजिनावर जातं. अंडरफ्रेम जन्मापासून भंगारापर्यंत सोबत राहते. जुन्या इंजिनांची नवी रूपं ओळखायला ही कसोटी नव्वद टक्के वेळा पुरते. सीएफ७ मध्ये मात्र ती पाण्यात जाते.

कारण एफ७ ची बांधणीच निराळी. तिच्या अंगावरचा पत्रा हा नुसता पडदा नव्हे; पत्र्याच्या आत दोन्ही बाजूंना पुलाच्या कैचीसारखे तिरके-उभे पोलादी आधार आहेत आणि इंजिनाचं वजन, गाडीची ओढ हे सगळं त्या कैच्या पेलतात. खालची चौकट त्यांच्या जिवावर हलकी ठेवलेली. हूडवालं इंजिन करायचं तर बाजूच्या कैच्या कापाव्याच लागणार, आणि त्या कापल्या की खालची चौकट एकटी तग धरणार नाही. क्लीबर्नच्या लोकांनी म्हणून नवीन अंडरफ्रेम बांधली, भक्कम आणि खोल. फोटोत पायऱ्यांच्या पातळीला दिसणारी पोलादाची भिंत ती हीच. ज्या भागावर ओळख टिकवायची तोच भाग १९७० नंतरचा निघाला.

मग जुनं काय राहिलं? चाकांच्या बोगी. (बोगी म्हणजे प्रवाशांचा डबा नव्हे, आपल्याकडे तो शब्द उगाचच डब्याला चिकटला, चाकं, धुरे आणि मोटरी धरून ठेवणारा सांगाडा म्हणजे बोगी.) एफ७ च्या बोगी मार्टिन ब्लॉमबर्ग यांच्या प्रसिद्ध आराखड्याच्या, बाहेरून लोंबत्या दुव्यांच्या, आणि त्याच सीएफ७ खाली गेल्या. मुख्य डिझेल इंजिन राहिलं, सोळा सिलिंडरचं ५६७. जनरेटरचं यंत्रही जुन्यातलंच. आणि सुरुवातीच्या केबिनांवर एफ७ च्या छताची ती गोल रेषा.

पण 'मुख्य इंजिन राहिलं' या वाक्यावरही स्वस्थ बसता येत नाही. ५६७ हा आकडा म्हणजे एका सिलिंडरचं घनफळ, घन इंचांत: साडेआठ इंच व्यास आणि पिस्टनचा दहा इंच फटका. एफ७ मध्ये होता त्याचा बी प्रकार. त्यात लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) थंड करणारं पाणी ब्लॉकच्याच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्याच, पोकळीतून फिरे, आणि सील पिचलं की ते तेलात उतरे. दुरुस्तीवाल्यांची ही जुनी डोकेदुखी. पुढच्या सी प्रकारात प्रत्येक लायनरला पाणी वेगळ्या नळीने दिलं आणि तो रोग बराच आटोक्यात आला. क्लीबर्नला जुने बी ब्लॉक सी पद्धतीचे लायनर घेतील असे सुधारले, आणि अशा ब्लॉकला बीसी म्हणतात. म्हणजे ओतीव-जोडीव सांगाडा तोच, आतली पाण्याची वाट नवी, पिस्टन-लायनर-हेड नवे. त्यापुढे १९६० च्या दशकातल्या ६४५ इंजिनाचा व्यास फक्त वाढवलेला, फटका तोच दहा इंच. त्यामुळे ६४५ च्या पॉवर असेंब्ली (पिस्टन-लायनर-हेडचा जोड) सी जातीच्या ब्लॉकमध्ये बसतात, आणि पुढे छोट्या रेल्वेंनी त्या बसवल्याही.

त्यात भर ईएमडीच्या अदलाबदल योजनेची, जिला सगळे 'युटेक्स' म्हणत. बिघडलेली ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणारी मोटर, द्या, दुरुस्त झालेली दुसरी घेऊन जा. तुमची मोटर दुरुस्त होऊन तिसऱ्याच कोणाकडे जाईल. इंजिन दिवसभरही अडून राहत नाही, म्हणून रेल्वे खूश. इतिहास लिहिणाऱ्याची मात्र पंचाईत, कारण १९७० पर्यंत एखाद्या एफ७ खाली तिच्या जन्माच्या मोटरी असणं हाच अपवाद ठरला असेल. डिझेल ब्लॉकवरही स्वतंत्र क्रमांकाची पाटी असते, वर्ष आणि महिन्याच्या अक्षरासकट. ती वाचता आली तर सोनं. पण ती सांगते ब्लॉकचं वय. तो ब्लॉक याच इंजिनात जन्मला असं ती सांगत नाही. हा फरक विसरून केलेल्या ओळखी मी किती तरी पाहिल्यात, आणि दोन-तीन माझ्या स्वतःच्या आहेत. इकडे बसून अमेरिकेतली इंजिनं हुडकणं म्हणजे तसंही उंटावरून शेळ्या हाकणं.

क्लीबर्नलाच, त्याच १९७० साली, बरोबर उलटा प्रयोगही झाला, आणि तो शेजारी ठेवून पाहिला की सीएफ७ ची अडचण लख्ख दिसते. बाल्डविन कंपनीचं १९४३ चं व्हीओ-१००० जातीचं शंटिंग इंजिन घेऊन त्यात ईएमडीचं ५६७ इंजिन आणि वर जीपी७ सारखा हूड बसवला. बाल्डविन आणि 'जीप' (जीपी इंजिनांचं बोलीतलं नाव) मिळून लोकांनी त्याला 'बीप' म्हणायला सुरुवात केली. असं एकच झालं. खर्च-कटकट पाहता दुसरं करण्यात अर्थ नव्हता. ते अजून आहे, कॅलिफोर्नियात बार्स्टोच्या रेल्वे संग्रहालयात, १४६० या क्रमांकाने. बीपमध्ये पायाची चौकट बाल्डविनची आणि वरचं काळीज परक्याचं. सीएफ७ मध्ये चौकट कोरी आणि काळीज जुनं. अंडरफ्रेमच्या कसोटीने बीप १९४३ चं बाल्डविन ठरतं आणि सीएफ७ १९७० नंतरचं सांता फेचं. काळजाच्या कसोटीने बीप ईएमडीचं आणि सीएफ७ १९५० च्या आसपासचं. कसोटी एकच धरली तरी दोघांपैकी एकाचं उत्तर मनाला पटत नाहीच.

आता १९८४. याच वर्षी सांता फे आणि ॲमट्रॅक, म्हणजे अमेरिकेतली राष्ट्रीय प्रवासी रेल्वे, यांच्यात एक अदलाबदल झाली. ॲमट्रॅकने एसडीपी४०एफ जातीची अठरा इंजिनं दिली. बदल्यात सांता फेने पंचवीस सीएफ७ आणि एसएसबी-१२०० नावाची, स्वतःच नव्याने बांधलेली अठरा शंटिंग इंजिनं दिली. आकड्यांवरून सौदा विचित्र वाटतो, पण दोघांना काय हवं होतं ते पाहिलं की बसतो. ॲमट्रॅकला यार्डात आणि रुळांच्या कामाच्या गाड्यांवर राबणारी हाताशी येतील अशी इंजिनं हवी होती. सांता फेला सहा धुऱ्यांची, तीन हजार अश्वशक्तीची ताकद हवी होती, आणि एसडीपी४०एफ तिला परकी नव्हती. सांता फेनेच मागवलेल्या एफपी४५ ची ती जवळची नातेवाईक.

एसडीपी४०एफ ची स्वतःची कहाणी दुःखाची आहे. १९७३-७४ मध्ये दीडशे बांधली, ॲमट्रॅकने क्रमांक दिले ५०० ते ६४९, आणि थोड्याच वर्षांत रुळांवरून घसरण्याच्या घटनांनी ती बदनाम झाली. बोट बोगीकडे दाखवलं गेलं, मागच्या बाजूच्या, डबे गरम ठेवणाऱ्या बाष्पयंत्राच्या आणि पाण्याच्या वजनाकडेही; वाद पुरता मिटला नाही. ॲमट्रॅकने ती ईएमडीला परत द्यायला सुरुवात केली आणि त्यांचे सुटे भाग नव्या एफ४०पीएच इंजिनांत गेले. म्हणजे तिथे काळीज पुढे गेलं आणि अंग भंगारात. उरलेल्यांतली अठरा सांता फेकडे आली. तिने बाष्पयंत्र काढलं, गिअरचं प्रमाण मालगाडीसाठी बदललं, नाकाच्या दोन्ही बाजूंना खाचा मारून चढायला पायऱ्या केल्या आणि नाव ठेवलं एसडीएफ४०-२, क्रमांक ५२५० ते ५२६७.

या अठरांचा माग काढणं अगदी सोपं. अंडरफ्रेम तीच, अंग तेच, डिझेल तेच. ॲमट्रॅकचा ६४४ हा आकडा पुढे दोनदा बदलला, मालक बदलले, तरी दीडशेतलं ते एकच वाचलं आहे आणि कोणीही त्याबद्दल वाद घालत नाही. उलट दिशेने गेलेल्या पंचवीस सीएफ७ ना ॲमट्रॅकने ५७५ ते ५९९ असे आकडे दिले. ॲमट्रॅकचा कोणता आकडा सांता फेच्या कोणत्या आकड्याचा, इथपर्यंत याद्या नीट नेतात. त्यामागे, सांता फेच्या आकड्यामागे अक्षरासकट कोणती एफ७, इथे गेलं की पाय जपून टाकावा लागतो. एकाच सौद्यात हात बदललेली यंत्रं, पण एका बाजूचा फेरफार अखंड आणि दुसऱ्या बाजूचा कारखान्याच्या दारातून आत जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडलेला.

उरलेली सीएफ७ सांता फेने १९८० च्या दशकात विकून टाकली. वेळ मोठी चांगली होती. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने मोठ्या रेल्वेंना तोट्यातले शाखामार्ग सोडून देणं सोपं झालं, आणि ते मार्ग चालवायला छोट्या रेल्वे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. त्यांना स्वस्त, साधं, कोणालाही दुरुस्त करता येईल असं इंजिन हवं होतं. सीएफ७ त्यांच्या पदरात पडलं. रंग बदलले, क्रमांक बदलले, कधी एकाच इंजिनाचे पाच-पाच वेळा.

साल कोणतं हा प्रश्न नुसत्या हौशी लोकांचा असता तर इतकं खणण्यात अर्थ नव्हता. पण अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९८ मध्ये डिझेल इंजिनांच्या धुराचे नियम केले, तेव्हा मूळ बांधणी १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतरची असेल तर नियम लागू, अशी रेषा आखली. सीएफ७ चं काम १९७० ते १९७८ चालू होतं. रूपांतराची तारीख हीच बांधणी धरली तर ही रेषा २३३ इंजिनांच्या मधून जाते. मूळ एफ७ ची तारीख धरली तर सगळीच्या सगळी अलीकडे, जुन्यांत. अमेरिकेच्या रेल्वे सुरक्षा नियमांच्या २२९ व्या भागातही 'पुनर्निर्मित' इंजिनाची व्याख्या आहे: जुन्या अंडरफ्रेमवर बांधलेलं, आणि ज्यात किमतीच्या मापाने जुने भाग २५ टक्क्यांहून कमी. मला ही व्याख्या आवडते, कारण तिने 'किती टक्के जुनं' हा तात्त्विक घोळ रुपया-आणे-पैच्या हिशेबात आणून ठेवला. सीएफ७ तिच्यात बसवून पाहा. पाया जुना हवा, तो तर नवा. आणि डिझेल, जनरेटर, बोगी हे सगळ्यात महाग भाग तर जुने. दोन्ही अटींवर बरोबर उलटं. नियम लिहिणाऱ्यांसमोर अर्थातच सीएफ७ नव्हतं, पुढे बांधली जाणारी इंजिनं होती.

माझ्या वहीत आता एका इंजिनाला एक ओळ नसते, चार असतात. पहिली क्रमांकांची, मालकांच्या नावांसह. दुसरी अंडरफ्रेमची, सीएफ७ साठी ती क्लीबर्नपासून सुरू होते, त्याआधी रेघ मारलेली. तिसरी बोगी आणि केबिनची, ती फोटोंवरून भरतो: गोल छत की कोनदार, बोगीच्या स्प्रिंगांचा बाज, नंतर कोणी बदललेली खिडकी. चौथी डिझेल ब्लॉकची. पहिल्या तीन ओळी शाईने लिहिल्यात. चौथी अजून पेन्सिलीनेच आहे, कारण त्या पाटीचा वाचता येईल असा फोटो दहातल्या एखाद्याच इंजिनाचा मिळतो, आणि मिळाला तरी पाटीवरच्या चार आकड्यांपैकी एक ग्रीसखाली गेलेला असतो.